धनकवडीतलं एक घर आणि दोन मुली: फॉस्टर बहीण घरात येते तेव्हा

धनकवडीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. आई, वडील, आजी आणि सहावीतली अकरा वर्षांची मुलगी. शाळा सुरू होण्याच्या सुमारास या घरात आठ वर्षांची एक मुलगी फॉस्टर केअरखाली, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळण्यासाठी, राहायला आली. ती किती काळ राहील हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. तिची आई हयात आहे, पण तुरुंगात आहे, आणि आईची सुटका झाली की मुलगी तिच्याकडे परत जाऊ शकते.

हे एका विशिष्ट कुटुंबाचं वर्णन नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा येणारे प्रसंग इथे एका घरात मांडले आहेत. नावं दिलेली नाहीत. घरच्या मुलीला थोरली म्हणू आणि आलेल्या मुलीला धाकटी. कायद्याचे तपशील मात्र आहेत तसेच दिले आहेत.

फॉस्टर केअरची चर्चा होते ती पालकांची आणि आलेल्या मुलाची. घरात आधीपासून असलेल्या मुलाला फार तर 'तुला चालेल ना?' एवढं विचारलं जातं आणि ते मान हलवतं. नातं जुळणार की घर पुन्हा मोडणार, हे मात्र बरेचदा त्याच मुलाच्या खोलीत ठरतं. म्हणून हे प्रकरण थोरलीच्या बाजूने मांडलं आहे.

धाकटी इथवर कशी आली

धाकटीची आई येरवड्याच्या महिला कारागृहात शिक्षा भोगते आहे. वडिलांचा ठावठिकाणा नाही, नातेवाइकांपैकी कोणी सांभाळायला पुढे आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात दिलेल्या निर्देशांनुसार कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. सहा पूर्ण झाल्यावर धाकटीला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे, आणलं गेलं आणि तिची रवानगी बालगृहात झाली. तिथे ती दोन वर्षं होती. तिला कळायला लागल्यापासून जेवण ठरल्या वेळी, घंटेवर आणि रांगेत मिळालं. रात्री दिवा कधी घालवायचा हे ठरवणारं माणूस पाळीनुसार बदलत राहिलं. पुढे काय घडलं ते समजून घ्यायचं तर ही माहिती हाताशी हवी.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ खाली बाल कल्याण समिती मुलाला फॉस्टर कुटुंबात ठेवण्याचा आदेश देते. त्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत घराची पाहणी होते: पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचे कागद, शेजाऱ्यांकडे विचारपूस. केंद्र सरकारच्या फॉस्टर केअरबद्दलच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाकडे मुलगी मात्र दिली जात नाही. दांपत्य असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा. आदेश झाल्यावर समितीने दर महिन्याला घराची पाहणी करणं कायद्याने बंधनकारक आहे.

हे दत्तक नाही, आणि थोरलीला सगळ्यात आधी नीट सांगायला हवं ते हेच. धाकटीचं आडनाव बदलत नाही. जन्मदाखला बदलत नाही. या घराच्या मालमत्तेत तिचा वारसाहक्क निर्माण होत नाही. तिच्या आईला, समितीने लेखी कारणं देऊन नाकारलं नसेल तर, तिला भेटण्याचा अधिकार राहतो. आईने मुलीवरचा हक्क सोडलेला नसल्यामुळे आज ती दत्तकासाठी मोकळी नाही. उद्या परिस्थिती बदलली आणि समितीने तिला कायदेशीररीत्या मोकळं जाहीर केलं, तर दोन वर्षं सांभाळलेल्या फॉस्टर कुटुंबाला दत्तकाचा विचार करता येतो. २०२२ पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. इथे अनेक घरांचा एक गैरसमज असतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार स्वतःची मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, हे खरं. पण बाल न्याय कायद्याखाली होणाऱ्या दत्तकाला ही आडकाठी नाही.

थोरलीला हे असं सांगितलं गेलं: 'ती आपल्याकडे राहायला येते आहे. तिची आई आहे, पण सध्या तिला सांभाळू शकत नाही. ती किती दिवस राहील हे आम्हालाही माहीत नाही. जाणार असेल तर आम्हाला कळल्याबरोबर तुलाही कळेल.' शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं होतं आणि ते पाळणं सगळ्यात अवघड. पालक बहुतेकदा 'आता ही तुझी बहीण, कायमची' असं बोलून जातात. मुलीला आनंद व्हावा हा हेतू असतो, पण तो शब्द पाळणं त्यांच्या हातात नसतं.

खोली, कपाट आणि वाटणी

पहिली चूक इथेच झाली. आईने कपाट अर्धं रिकामं करून जाहीर केलं की आता सगळं दोघींचं. आठवड्याभरात थोरलीचे रंगीत पेन संपले, आवडत्या पुस्तकाचं पान फाटलं, आणि ती खोलीचं दार आतून लावून बसू लागली. घरात तिला स्वार्थी म्हटलं गेलं. स्वार्थाचा इथे काही संबंध नव्हता. धाकटीला 'स्वतःची वस्तू' ही गोष्टच नवी होती. बालगृहात कपडे, खेळणी, अंथरूण सामाईक असतात. ज्याच्या हाती लागलं ते त्याचं. आणि थोरलीला तिची कुठली वस्तू सुरक्षित आहे हेच समजेनासं झालं होतं.

मग वस्तूंचे तीन भाग केले: थोरलीच्या, धाकटीच्या आणि दोघींच्या. यादी थोरलीने केली, तीही धाकटीला समोर बसवून. तिचा एक कप्पा कुलपाचा, धाकटीचाही एक कप्पा कुलपाचा, दोन्ही किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे. धाकटीच्या कप्प्यात पहिल्या दिवशी काही नसलं तरी तो तिचाच. 'दोघींच्या' भागात पत्ते, कॅरम, गोष्टींची पुस्तकं, सायकल. पलंग वेगवेगळे ठेवले. एकाच पलंगावर झोपवलं की जवळीक वाढेल असं आजीला वाटत होतं, पण अनोळखी मुलाशेजारी झोप लागत नाही आणि झोप अपुरी राहिली की भांडणं वाढतात.

याच वेळी घराचे सुरक्षेचे नियम दोघींना एकत्र सांगितले: आंघोळ आणि कपडे बदलताना दार लावायचं, दुसऱ्याच्या पांघरुणात जायचं नाही, नको असलेला स्पर्श असेल तर लगेच सांगायचं, आणि मोठ्यांपासून लपवायची कुठलीही गंमत खेळायची नाही. धाकटीने मागे काय पाहिलं-सोसलं हे घराला माहीत नसतं. नियम फक्त तिलाच लावला तर तो संशय होतो, दोघींना लावला तर घरची रीत होते. १०९८ हा बाल मदत क्रमांक दोघींकडून पाठ करून घेतला.

गादीखालची पोळी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत धाकटीचं वागणं गोड होतं. धाकटी सांगेल ते ऐकत होती, आजीच्या मागे मागे फिरत होती. हा काळ फसवा असतो. मूल पाहुण्यासारखं वागतं, कारण ते अजून पाहुणंच असतं. विश्वास थोडा बसला की मगच ते पाहतं की मी वाईट वागले तरी मला ठेवतील का.

थोरलीला धाकटीच्या गादीखाली वाळलेल्या दोन पोळ्या आणि गुळाचा खडा सापडला. मुंग्या लागल्या होत्या. ती किंचाळत बाहेर आली आणि 'चोर' हा शब्द उच्चारला गेला.

अन्न साठवून ठेवणं अशा मुलांमध्ये फार वेळा दिसतं. पोट भरलेलं असलं तरी पुढचं जेवण मिळेलच याची खात्री शरीराला वाटत नाही. ओरडून, झडती घेऊन किंवा स्वयंपाकघराला कुलूप लावून हे थांबत नाही, उलट वाढतं. इथे उपाय असा केला: धाकटीचा हात पोचेल अशा फळीवर तिच्या नावाचा एक स्टीलचा डबा. त्यात शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे, चार बिस्किटं. केव्हाही, न विचारता, रात्री उठूनसुद्धा घ्यायचं. झोपण्याआधी आईने तो धाकटीच्या देखत पुन्हा भरायचा. डबा कधीही रिकामा दिसता कामा नये, आणि शिक्षा म्हणून तो कधीही काढून घ्यायचा नाही. आठ-दहा दिवस तो रोज फस्त होतो, त्यामुळे घाबरून अनेक जण इथेच माघार घेतात. माघार घेऊ नये. काही आठवड्यांनी डब्यातलं कमी कमी संपू लागतं.

थोरलीला कारण सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'मग मला का नाही डबा?' प्रश्न रास्त होता. तिलाही डबा मिळाला. तिला त्याची गरज नव्हती, पण नियम सारखा असण्याची गरज होती.

'तू मोठी आहेस, समजून घे'

हे वाक्य दिवसातून चार वेळा बोललं जात होतं. धाकटीचा अभ्यास थोरलीने घ्यायचा, शाळेच्या व्हॅनपर्यंत थोरलीने न्यायचं, ती काय करते ते थोरलीने सांगायचं. दिवाळीच्या आधी थोरलीचं पोट दुखायला लागलं, सहामाहीत गुण घसरले, ती आजीशी उलटून बोलू लागली. वर्गशिक्षिकेने विचारल्यावर तिने उत्तर दिलं, 'आमच्याकडे आता सगळे तिचंच बघतात.'

अकरा वर्षांच्या मुलीकडून दुसऱ्या आईचं काम करून घेतलं की ती बहीण होऊ शकत नाही. बहिणीला चिडता येतं, हरवता येतं, 'जा, नाही देत' म्हणता येतं. जबाबदारी डोक्यावर असली की या गोष्टी गुन्हा ठरतात. म्हणून तिची तिन्ही कामं काढून घेतली. अभ्यास वडिलांकडे गेला, व्हॅन आजीकडे, आणि चुगली पूर्ण बंद, धोक्याची गोष्ट सोडून. आईने रोज रात्री वीस मिनिटं फक्त थोरलीसाठी ठेवली, दार लावून, धाकटीला स्पष्ट सांगून. रविवारी सकाळी वडील आणि थोरली दोघंच तळजाईवर फिरायला जाऊ लागले. यातला एकही वेळ 'आज ती रडते आहे' म्हणून रद्द करायचा नाही, हे ठरवून घ्यावं लागलं. सुरुवातीला धाकटीने आकांत केला, मग तिलाही आजीबरोबरचा वेगळा वेळ मिळाल्यावर निवळली.

पैशाचा विषयही याच दिवसांत फुटला. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या सूचनांनुसार फॉस्टर केअरमधल्या मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी, तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये. आपल्या मुलाला यांपैकी काय लागू आहे हे आदेश होतानाच लेखी विचारून घ्यावं, आणि रक्कम उशिरा येईल हे धरूनच घरखर्च आखावा. आईवडील याबद्दल दबक्या आवाजात बोलत. थोरलीने ऐकलं, आणि एका भांडणात म्हणाली, 'तुझे पैसे मिळतात म्हणून तू इथे आहेस.' अशा वाक्याने झालेली जखम भरायला महिने जातात. आकडा आधीच सरळ सांगितला असता, 'सरकार तिच्या दूध-फी-कपड्यांसाठी मदत करतं, आणि त्याहून जास्त लागतं ते आपण घालतो' असं, तर तिच्या हाती हे हत्यार आलंच नसतं.

जे जमलं ते किल्ल्याने जमवलं. सोसायटीच्या जिन्याखाली थोरली दर दिवाळीत किल्ला करते. या वेळी मोठ्यांनी मधे पडायचं नाही असं ठरलं. माती चाळणं, पोत्यावर चिखल थापणं, आळीव पेरणं, त्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडणं: धाकटीचे हात या कामात रमले. कुंभारवाड्यातून मावळे आणले. महाराजांची मूर्ती कुठे बसवायची यावरून भांडण झालं, एक बुरूज पडला आणि तो दोघींनी पुन्हा बांधला. आमोरासमोर बसवून 'मैत्री करा' म्हणण्यापेक्षा शेजारी बसून करायचं काम मुलांना सोपं जातं, कारण बोलावंच लागतं असं नाही. नवरात्रात भोंडल्याला नेल्यावर धाकटी कोपऱ्यात उभी राहिली होती. किल्ल्यापाशी तिने पहिल्यांदा स्वतःहून थोरलीला 'ताई' हाक मारली. ती हाक तिला कोणी शिकवली नव्हती, आणि शिकवूही नये. थोरलीच्या आईला ती मावशी म्हणते, वडिलांना काका. तिची आई तिला आहे.

आडनाव, वर्ग आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. धाकटी तिसरीत बसली. समितीच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे दिली. वर्गशिक्षिकेला फक्त एवढंच सांगितलं की आडनाव वेगळं असलं तरी पालक म्हणून या घराला फोन करायचा. आईच्या तुरुंगवासाची माहिती वर्गात पोचण्याची काहीच गरज नाही. परिसर अभ्यासात वंशवृक्ष काढायला सांगतात, त्याची कल्पना शिक्षिकेला आधी दिली तर 'माझ्या घरात कोण कोण राहतं' असं चित्र सगळ्याच वर्गाला देता येतं.

प्रश्न थोरलीलाच जास्त आले. 'ही तुझी खरी बहीण का?' 'तुमची आडनावं वेगळी कशी?' तिच्याकडून तीन वाक्यं तयार करून घेतली: 'ती आमच्याकडे राहते. माझी बहीण आहे. बाकीचं आमच्या घरचं आहे.' चौथं वाक्य नाही. धाकटीच्या आईबद्दल थोरलीला किती सांगायचं, हा यातला सर्वांत नाजूक भाग होता. तिला खरं सांगितलं, थोडक्यात, गुन्ह्याचा तपशील न देता, आणि हेही की ही गोष्ट धाकटीची आहे, ती सांगायची की नाही हे धाकटीच ठरवेल. लपवलं असतं तर भेटीच्या दिवशी कळलंच असतं, आणि मग आईवडिलांच्या इतर शब्दांवरचा विश्वासही गेला असता.

फोटो टाकायचे नाहीत, ना सोसायटीच्या ग्रुपवर, ना स्टेटसला. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गणपतीत आत्याने काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो तेव्हा हे कोणाच्या ध्यानात नसतं. पाहुणे येण्याआधीच सांगून ठेवावं. जात, गाव, 'कोणाची मुलगी' या प्रश्नांना आजीचं एकच उत्तर ठरलं: 'आमच्याकडची आहे.' आजीने ते इतक्या ठामपणे दिलं की दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

भेटीनंतरचा दिवस

कारागृहात आईची भेट झाली की दुसऱ्या दिवशी धाकटी बिथरायची. एकदा तिने थोरलीची विज्ञानाची वही फाडली. थोरली म्हणाली, 'तिला आई आहे तर ती माझी आई का घेते?'

भेटीमुळे मूल बिघडतं असा निष्कर्ष काढून काही कुटुंबं भेटी कमी करायची मागणी करतात. भेट तुटली तर मूल आईची चिंता एकट्याने वाहतं, आणि तीच चिंता घरात इतर वाटांनी बाहेर पडते. बदलायचं ते भेटीनंतरचं वेळापत्रक. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी क्लास नाही, पाहुणे नाहीत, जेवण साधं आणि लवकर. 'काय बोलली आई?' असं विचारायचं नाही. थोरलीच्या वह्या त्या दोन दिवसांत कुलपाच्या कप्प्यात. फाटलेली वही धाकटीने वडिलांबरोबर बसून पुन्हा उतरवून दिली. तिचं दुःख मान्य आहे, थोरलीचं नुकसानही मान्य आहे. थोरलीच्या प्रश्नाला आईने उत्तर दिलं: 'माझ्याकडून तिला जेवण, अभ्यास, लाड मिळतील. तुझी आई मात्र तुझीच आहे आणि तिची आई तिची.'

दर महिन्याच्या पाहणीत थोरलीशीही दहा मिनिटं एकटीशी बोलावं अशी विनंती घराने केली. प्रत्येक फॉस्टर कुटुंबाने ती करावी. आईवडिलांसमोर मूल 'सगळं छान आहे' एवढंच म्हणतं.

जाण्याची तयारी

कायदा जैविक पालकांच्या भेटीबद्दल बोलतो, सख्ख्या भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायला सांगतो. एका छताखाली वाढलेल्या फॉस्टर बहिणींना नंतर एकमेकींना भेटण्याचा असा हक्क मात्र मिळत नाही. मुलगी आईकडे परत गेली की थोरलीचं म्हणणं मांडायला कागदावर जागा उरत नाही. त्यामुळे ही तरतूद आधीच करून ठेवावी लागते. धाकटीच्या वैयक्तिक संगोपन आराखड्याच्या (तिची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी योजनेच्या) फेरआढाव्यात घराने लेखी मागणी दिली की परतीनंतर दोघींचा संपर्क राहावा, आणि त्यावर दोन्ही मुलींचं आणि कारागृहातल्या आईचं मत घेतलं जावं. आईची संमती महत्त्वाची, कारण पुढे फोन उचलणार ती. या मागणीने तिला सुरुवातीला असुरक्षित वाटलं. मुलगी आपल्यापासून तोडतील ही भीती अशा आयांना असतेच. समाजसेविकेने तिला धाकटीची प्रगतीची वही आणि तिने काढलेलं चित्र दाखवलं, घरातल्या लोकांना ती मावशी-काका म्हणते हे सांगितलं. त्यानंतर तिने पंधरवड्याला एक फोन आणि दिवाळीची एक भेट मान्य केली. घराचा पत्ता आईला द्यायचा की नाही हे समितीवर सोपवलं. तोवर फोन समाजसेविकेच्या मार्फत.

दोघींची मिळून एक वही चालू आहे. त्यात फोटो, किल्ल्याची चित्रं, डॉक्टरांच्या नोंदी, लसींच्या तारखा, शिक्षिकेची चिठ्ठी, धाकटीला कुठलं औषध सोसत नाही ते. ती जाईल तेव्हा ही वही तिच्याबरोबर जाईल, म्हणून थोरली प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून स्वतःकडे ठेवते. परत पाठवायचं ठरलं तर ते एका दिवसात होऊ नये, आधी काही तासांच्या भेटी, मग मुक्काम, मग पूर्ण परत, असं सहा ते आठ आठवडे मिळावेत ही विनंतीही त्याच अर्जात आहे. तारीख कळली की ती दोघींना एकाच दिवशी सांगायची, आणि थोरलीच्या शाळेलाही कळवायचं, कारण तेव्हा पुन्हा पोट दुखेल आणि गुण घसरतील.